नाखव्यांच्या तराफ्याची गाडी

नाखव्यांची अट एकच होती. त्यांना कुणी उचलायचं नाही.

नाखवा म्हणजे आमचे घरमालक. भांडुपला खाडीच्या बाजूला कोळ्यांची जी जुनी घरं होती, त्यांतल्या आपल्या घराला लागून त्यांनी दोन खोल्या बांधल्या होत्या. मी दोन वर्षांची असल्यापासून आम्ही तिथे भाड्याने राहत होतो. होडीवरच्या मुख्य माणसाला कोळी लोक नाखवा म्हणतात. होडी आता त्यांचा मुलगा चालवायचा, तरी नाखवा हे नाव म्हाताऱ्यांकडेच राहिलं होतं. त्यांचे दोन्ही गुडघे आखडले होते. घरातून ओट्यावर आणि ओट्यावरून घरात, एवढं काठी टेकत जमायचं. होडी मात्र चिखलात लागायची. गुडघाभर चिखल तुडवल्याशिवाय तिच्यापर्यंत पोचता येत नसे, आणि तो चिखल दोन वर्षं त्यांना झेपत नव्हता.

नारळी पौर्णिमेला घरातल्या मोठ्या माणसाने पाण्यावर जाऊन आपल्या हाताने खाडीला नारळ द्यायचा, अशी त्यांच्या घरची रीत होती. गुडघे गेले त्या वर्षी मुलाने त्यांना पाठीवर घेऊन होडीत बसवायचं ठरवलं. नाखवा म्हणाले, "उचलायचं तर मेल्यावर उचला. तवा मी काय बोलणार नाय." नारळ मुलाने दिला. नाखवा तो सबंध दिवस ओट्यावर भिंतीकडे तोंड करून बसले. पुढच्या वर्षीही तेच. त्या दुसऱ्या वर्षी मी शाळेतून येताना त्यांची ती पाठ पाहिली आणि आवाज होऊ नये म्हणून चपला हातात घेऊन घरात गेले.

बाबा जवळच्याच एका कारखान्यात फिटर होते. संध्याकाळी ते आणि नाखवा ओट्यावर विड्या ओढत बसायचे, फारसं न बोलता. तिसऱ्या वर्षी, उन्हाळा संपता संपता, बाबा त्यांना म्हणाले की यंदा तुम्ही तुमच्या पायांनी चालत जाल आणि पाण्यावर बसाल. कसं, ते बाबांनाही तेव्हा ठाऊक नव्हतं. त्यांचा स्वभावच असा, आधी शब्द द्यायचा आणि मग वही काढायची. वही माझी होती.

मी मुलुंडच्या इंग्रजी शाळेत दहावीत होते. घरी मालवणी, शेजारी कोळी, शाळेत इंग्रजी. तिन्हीकडे कमी बोललं की निभतं, हे मला लवकर उमगलं होतं. पण माझी रेघ सरळ यायची. म्हणून बाबा सांगायचे आणि मी आलेखाच्या वहीत काढायची. ते इंच आणि सूत यांत बोलायचे, शाळेत आम्हांला सेंटिमीटर होते, त्यामुळे प्रत्येक माप मी दोनदा लिहायची.

होडीचा विचार आम्ही लवकरच सोडला. होडी डुलते आणि तिच्यात पाय उंच टाकून चढावं लागतं. त्यापेक्षा रिकामी लोखंडी पिंपं बरी. तीन-तीन पिंपांच्या दोन ओळी, त्यांना धरून अँगलची चौकट, वर फळ्या आणि फळ्यांवर एक खुर्ची. असा तराफा कुठल्याही बाजूला कलत नाही. पण तो तरी चिखलापलीकडेच तरंगणार ना? तिथवर नाखवा जाणार कसे, हा प्रश्न तसाच राहत होता.

उत्तर बाबांना जेवताना सुचलं. नाखव्यांना पाण्याकडे न्यायचंच नाही. त्यांनी आपल्या ओट्यावरून दोन पावलं टाकायची आणि दारातच तराफ्यावरच्या खुर्चीत बसायचं. तराफा चाकांच्या गाडीवर असेल. गाडी मिठागराच्या बांधावरून न्यायची, तिथे मिठाची पडावं, म्हणजे मालाच्या मोठ्या होड्या, भरायला एक जुना दगडी उतार होता, त्या उतारावरून गाडी मागच्या अंगाने पाण्यात सोडायची. भरतीचं पाणी पिंपांखाली आलं की तराफा आपोआप उचलला जाईल. आई म्हणाली, "म्हणजे पाण्यानं उचललेला चालता त्यांका?" बाबा हसले आणि म्हणाले, विचारून बघतो. चालत होतं.

त्यामुळे तराफ्यापेक्षा गाडीचंच काम मोठं झालं. तराफा तीन रविवारांत झाला. पिंपांची तोंडं बाबांनी रस्त्यावरच्या वेल्डिंगच्या दुकानात जाऊन स्वतः बंद केली आणि त्यांना डांबर फासलं. खुर्ची एका मोडीत काढलेल्या सलूनमधली होती, हातांची, जड आणि पाठीला डोकं टेकायला उशी असलेली. तिला पाहून नाखव्यांची बायको, जिला मी मावशी म्हणायची, कमरेवर हात ठेवून बराच वेळ उभी राहिली. रोज सकाळी मासळीची टोपली घेऊन घरोघर जाणारी बाई ती, बोलायला कुणाला घाबरायची नाही. "दाढी करायला जातंय का नारळ द्यायला?" तिने नवऱ्याला विचारलं. नाखवा म्हणाले, "दोन्ही."

गाडीसाठी एका जुन्या मोटारीचा मागचा आख चाकांसकट मिळाला. दांडी आणि लाकडाचं बाकी काम कांजूरच्या एका मिस्त्रीने घेतलं. हा मिस्त्री जन्मभर बैलगाड्या बांधत आला होता. मिठागरावर त्याच्या भावाची बैलजोडी होती, ती जोडून गाडी बांधावरून न्यायची असं ठरलं. आख कुठे बसवायचा हे मिस्त्रीने सांगितलं. बरोब्बर मध्यावर. बैलगाडीचं पहिलं कलम तेच, म्हणाला. पुढे वजन गेलं की बैलाच्या मानेवर बसतं, मानेला गाठ येते, आणि तसली गाडी बांधणारा सुतार गावात तोंड दाखवू शकत नाही. बाबांना ते पटलं. मलाही पटलं. वजन तोलून धरायचं तर मध्यच हवा. मी तसं वहीत काढलं. बाबांनी आख चौकटीला वेल्ड केला, बोल्ट लावले नाहीत. खाऱ्या पाण्यात बोल्ट गंजतात, म्हणाले. तो वेल्ड ते येता-जाता बघायचे, आणि ते बघत असताना मी त्यांना बघायची.

पौर्णिमा नऊ दिवसांवर असताना तराफा गाडीवर चढवला आणि नाखव्यांच्या वजनाचा म्हणून मिस्त्री स्वतः खुर्चीत बसला. बाबांनी दांडीखाली एक बोट घातलं आणि दांडी उचलली. एका बोटाने. सगळ्यांनी पाहिलं. मग नाखव्यांच्या मुलाने एका बोटाने उचलली, मग आणखी दोघांनी. मिस्त्री वरून म्हणाला, "बैलाला कळणारबी नाय मागं काय हाय ते." ओट्यावर नाखवा पहिल्यांदाच मोठ्याने हसले.

मी दारात उभी होते. ते बोट बघताना मला काहीतरी खटकलं, पण नेमकं काय ते मला सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. मावशी सकाळी मासळी आणायला त्या दगडी उतारावर जायची. मी छत्री घेऊन तिच्याबरोबर गेले. उतारावर पोचल्यावर तिने रिकामी टोपली खाली ठेवली आणि अगदी सवयीने तिच्या खालच्या कडेला एक दगड सरकवला, टोपली घसरू नये म्हणून. मी त्या दगडाकडे बघत राहिले. आमचं अंगण सपाट होतं. सपाट अंगणात जी गाडी एका बोटावर तोलली जाते, ती इथे मागचं अंग खाली करून उभी केली की काय होईल? वजन उंचावर होतं. पिंपं, त्यांवर फळ्या, त्यांवर खुर्ची, त्यावर माणूस. उतारावर ते सगळं आखाच्या मागे झुकणार. मागची बाजू बसणार आणि दांडी आकाशात जाणार.

शाळेच्या पुस्तकात तिरक्या उभ्या बसचं चित्र होतं. त्याखालचा परिच्छेद मला पाठ होता, पण इंग्रजीत. बाबांना तो कसा सांगायचा हे मला कळत नव्हतं. खरं तर भाषा ही सबबच होती. अंगणात ज्या माणसांनी एका बोटाने दांडी उचलली होती, त्या सगळ्यांसमोर मी तोंड उघडायचं, आणि तेही बाबांचं काम चुकलंय हे सांगायला, हे मला जमण्यातलं नव्हतं. शिवाय वहीतलं चित्र माझं होतं. म्हणजे चूक माझीही होती.

दोन दिवस मी गप्प राहिले. त्या दोन दिवसांत खुर्ची पुढे सरकवावी असा एक उपाय मी शोधला आणि मीच सोडला. खुर्ची पुढे घेतली तर गाडी सावरली असती, पण पाण्यात तराफ्याने नाक खुपसलं असतं. आखच मागे न्यायला हवा होता.

तिसऱ्या दिवशी बाबा कारखान्यातून येऊन हातपाय धुवायला मागच्या मोरीकडे आले, तेव्हा मी तिथल्या फरशीवर लाटणं आडवं ठेवलं होतं, लाटण्यावर बसायचा पाट आणि पाटावर आईची मिठाची चिनी मातीची बरणी. पाट लाटण्यावर मधोमध तोलला होता, एका बोटाने मी तो धरला होता. बाबा थांबले. मी लाटण्यासकट सगळं हळूच पुढे सरकवलं, जिथे फरशी मोरीकडे उतरते तिथपर्यंत. पाटाचं माझ्याकडचं टोक बोटातून सुटलं आणि वर गेलं. बरणी उताराकडे घसरली, मोरीत पडली आणि फुटली. ती फुटावी असं माझ्या मनात नव्हतं. ती मी धरणार होते.

आई आतून म्हणाली, "काय फोडलंस गो?"

बाबांनी वाकून बरणीचा एक तुकडा उचलला, मीठ झटकलं. "दांडी धरायला चार माणसं असतील," ते म्हणाले.

"ती चौघांना घेऊन वर जाईल, बाबा. नाखवा मागे पडतील." मग मी एरवी बोलले नसते ते बोलले. "मग त्यांना उचलावं लागेल."

बाबांनी तो तुकडा बाजूला ठेवला. त्यांनी हातपाय धुतले, चहा घेतला, अंगणात जाऊन तो वेल्ड पाहिला. परत आले आणि म्हणाले, "चल, बाय. मिस्त्रीकडे जाऊया. तू सांग."

मी म्हटलं, तुम्हीच सांगा. तर म्हणाले, "माझी चूक मी सांगितली तर तो माझी समजूत घालत बसेल."

कांजूरपर्यंत आम्ही चालत गेलो. मिस्त्री फळीवर रंधा मारत होता. मी त्याच्याच कामातली एक फळी घेतली, त्याच्या हत्यारांतल्या किकऱ्याचा लाकडी दांडा तिच्याखाली आख म्हणून घातला आणि वर विटेचा तुकडा ठेवला. फळी तोलली आणि मग सगळं जमीन उतरते तिकडे सरकवलं. विटेचा तुकडा घसरून पडला, तो मिस्त्रीने उचलला. मग म्हणाला, "उलाळ होतेय." मागे वजन जाऊन गाडीचं जू वर उचललं जातं त्याला गाडीवाले उलाळ म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. त्याच्याकडे त्यासाठी नुसता एक शब्द होता. माझ्याकडे सबंध परिच्छेद होता आणि तो कुणाला वाचून दाखवता येत नव्हता.

बाबांनी फुटलेल्या बरणीचं त्याला सांगितलं. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "एवढ्यासाठी आईची बरणी कशाला फोडायची? माझ्याकडे विटा काय कमी हायत?"

पण आख मागे न्यायला तो सहजासहजी तयार होईना. मागे नेला की सपाट रस्त्यावर भार दांडीवर येणार, म्हणजे बैलांच्या मानेवर, आणि भावाच्या बैलांना तो असली गाडी जोडू देणार नव्हता. यात मला त्याचं काही चुकीचं वाटलं नाही. बाबांनाही वाटलं नसावं. ते म्हणाले, मग बैल नकोत, माणसं ओढतील, माणसांच्या मानेला गाठ येत नाही. मिस्त्रीने थोडा विचार केला आणि हाताने दाखवलं. एक वीत मागे. मी मनात नऊ इंच धरले होते. वीत म्हणजे तेवढंच.

वेल्ड इतका पक्का होता की तो हॅक्सॉने कापायला बाबांना दोन संध्याकाळी लागल्या. पात्यामागून पाती मोडत होती. दर पातं मोडलं की बाबा आधी वैतागायचे आणि मग, मला वाटतं, थोडे खूशही व्हायचे. नाखवा ओट्यावरून सगळं बघत होते. काय चाललंय, हे त्यांनी कुणाला विचारलं नाही. मावशीने मात्र अख्ख्या कोळीवाड्यात सांगितलं की भाडेकऱ्याच्या पोरीने बरणी फोडून गाडी मोडली. नळावर बायका मला बघून हसायच्या. मी बादली भरायची आणि निघायची. पण ते हसणं मला टोचत नव्हतं, हे आठवतं.

नवीन जागी आख बसल्यावर पुन्हा मिस्त्री खुर्चीत बसला. आता दांडी एका बोटाने उचलेना. बाबांना दोन्ही हात लावावे लागले. सगळे जरा हिरमुसले, मी सोडून.

पौर्णिमेला भरती दुपारची होती. सकाळभर भुरभुर पाऊस होता, अकराच्या सुमाराला थांबला. नाखव्यांनी नवी लाल टोपी घातली होती. ते ओट्यावरून उतरले, काठी टेकत दोन पावलं आले. मिस्त्रीने तराफ्याला दोन बुटक्या पायऱ्या लावल्या होत्या, एकेक पाय वर घेत ते त्या चढले. एका पायरीवर ते इतका वेळ थांबले की मुलाचा हात नकळत पुढे झाला. मावशीने तो हात खाली ओढला. नाखवा खुर्चीत बसले. उशीला डोकं टेकलं. मावशीने सोनेरी कागद लावलेला नारळ त्यांच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "न्हावी येतंय आता."

होडीवरच्या सहा जणांनी दांडी धरली आणि गाडी निघाली. बांधावर खड्डे होते, पिंपं घुमत होती. खुर्चीवर उंच बसलेले नाखवा दोन्ही बाजूंच्या मिठागरांकडे बघत चालले होते. पावसाळ्यात तिथे मीठ नसतं, नुसतं पाणी. मी बायकांच्या मागे होते.

उतारावर गाडी फिरवली आणि मागचं अंग खाली सोडायला सुरुवात केली. बाबा दांडीच्या टोकाला होते. मला गाडी दिसत नव्हती, मी फक्त दांडीचं टोक बघत होते. उताराच्या मध्यावर ते टोक दोन बोटं वर आलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. एवढ्या माणसांतून त्यांनी मला कसं शोधलं कोण जाणे. मग टोक पुन्हा खाली बसलं, आणि तसंच खाली राहून पाण्याकडे गेलं. चाकं बुडाली. मागची पिंपं हलली, मग पुढची, आणि नाखवा गाडीवरून वेगळे झाले. त्यांना कुणीही हात लावला नव्हता.

मुलगा कमरेपर्यंत पाण्यात उभा राहून दोरी धरून होता. नाखव्यांनी नारळ दोन्ही हातांत घेतला, कपाळाला लावला, काहीतरी पुटपुटले आणि खाली वाकून तो पाण्यात सोडला. फेकला नाही. नारळ थोडा वेळ तराफ्यालाच चिकटून राहिला, मग पाण्याने नेला. बायका गात होत्या. मावशी गात नव्हती. ती डोळे पुसत होती आणि डोळ्यांत पाऊस गेला म्हणत होती. पाऊस थांबला होता.

एक गोष्ट आम्ही कुणीच विचारात घेतली नव्हती. परत कसं यायचं? माझ्या वहीत गाडीवरून पाण्यात जायचं चित्र होतं, पाण्यातून गाडीवर यायचं नव्हतं. बाबा आणि मिस्त्री काठावर हळू आवाजात बोलायला लागले. दोरीने खेचून चढवू, फळी लावू. नाखव्यांनी ते ऐकलं असावं.

"गाडी तिथंच पाण्यात राहू दे," ते तराफ्यावरून म्हणाले. "चार कोपऱ्यांना बांबू बांधा, म्हंजे दिसंल कुठं हाय ती. मला त्यांच्या मधी आणून ठेवा. पाणी उतरंल, ते बसवील मला." आणि मग काठावर नजर फिरवून, "ती इंग्रजी शालंतली पोर कुठाय? तिला पाठवा."

मी गेले नसते. मावशीने मला पाठीत ढकललं आणि पाण्यापर्यंत आणलं. वर नवऱ्याला ऐकवलं की पन्नास वर्षांत मला कधी होडीत बसवलं नाही. नाखवा म्हणाले, "तू बसलीस तर दांडी जमिनीत जाईल." मुलाने तराफा काठाशी धरला, मी चढले. कुठे बसू, असं विचारायला मी तोंड उघडलं, तोवर त्यांनी काठीने पुढची कड दाखवली.

"पुढं बस. गाडीवर टेकताना पुढं वजन पायजे ना? तुझाच हिशेब हाय."

चाकांना दगड लावले, बांबूंच्या मध्ये तराफा बांधला आणि आम्ही ओहोटीची वाट बघत बसलो. दीड-दोन तास गेले असतील. काठावरची माणसं जेवायला पांगली, बाबा तेवढे एका दगडावर बसून राहिले. नाखवा फार बोलले नाहीत. मला त्याची सवय होती, त्यांना माझी. समोरच्या किनाऱ्यावरच्या दोन खुणा त्यांनी दाखवल्या, ज्या एका रेषेत आल्या की जाळं टाकायचं. एकदा विचारलं, शाळेत पोहायला शिकवतात का? नाही म्हटलं. मग हलू नको, म्हणाले. माझे पाय पाण्यात होते, आणि पाणी घोट्यावरून हळूहळू खाली सरकत होतं.

शेवटी खालून एक धक्का लागला, अगदी हलका, आधी पुढच्या बाजूने आणि मग मागच्या. नाखव्यांनी काठी फळीवर आपटून पाहिली.

"बसला," ते म्हणाले.

बाबा दगडावरून उठले आणि दांडी धरायला पाण्यात उतरले.